धर्मराज एकदाही पडला नाही

कुत्रा बरोबर घेऊन बर्फाच्या डोंगरावर जाण्याची आपल्याकडची सर्वांत जुनी नोंद महाभारतात आहे. पाच पांडव आणि द्रौपदी हिमालय चढू लागतात आणि त्यांच्या पाठोपाठ एक कुत्रा निघतो. वाटेत आधी द्रौपदी पडते, मग सहदेव, मग नकुल, मग अर्जुन आणि शेवटी भीम. जो पडेल त्याच्याकडे धर्मराज वळूनही बघत नाही. तो का पडला याचं कारण तेवढं सांगतो आणि चालू लागतो. लहानपणी आजीच्या तोंडून ही गोष्ट ऐकताना मला धर्मराजाचा फार राग यायचा. माणूस पडलाय, त्याला हात द्यायचा की कारणं सांगायची? पुढे बँकेत चौतीस वर्षं नोकरी केली आणि वरिष्ठांची ही पद्धत किती जुनी आहे ते कळलं.

गेल्या जानेवारीतल्या शेवटच्या रविवारी ऑस्लो शहराजवळच्या एका डोंगरावर मी त्या पाचही जणांच्या वाटणीचं एकट्यानं पडून आलो. बरोबर कुत्रा होता. धर्मराज नव्हता, त्यामुळे कारणं माझी मलाच सांगावी लागताहेत.

लेक आणि जावई नोकरीनिमित्त ऑस्लोत असतात. आम्ही दोघं तीन महिन्यांसाठी त्यांच्याकडे गेलो होतो. ऐन हिवाळ्यात नॉर्वेला कोण जातं, असं सोसायटीत सगळ्यांनी विचारलं. तिकिटं स्वस्त मिळाली, असं सांगितल्यावर पुण्यात पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही.

पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी जिन्यातून हाक ऐकू आली, ‘बाम्से! बाम्से!’ मी चहाचा कप तसाच टाकून दाराकडे धावलो. परमुलखात, उणे सात तापमानात, शेजारच्याच घरात कुणी बामसे आडनावाचा मराठी माणूस राहतो या कल्पनेनं मला अगदी भरून आलं होतं. ‘मूळचे कुठले?’ हा प्रश्न ओठांवर तयार होता. दार उघडलं तर समोर राखाडी रंगाचा, ताठ कानांचा, लांडग्याच्या दूरच्या नात्यातला वाटावा असा कुत्रा उभा होता. बाम्से म्हणजे तिकडच्या भाषेत खेळण्यातलं अस्वल. त्यानं माझ्या लेंग्याचा वास घेतला आणि मूळचा कुठला ते त्याला कळलं असावं, कारण त्यानं पुढे काही विचारलं नाही.

हा कुत्रा नॉर्वेच्या एल्कहाउंड जातीचा. ती त्या देशाची राष्ट्रीय श्वानजात आहे. तिकडच्या जंगलात एल्ग नावाचं हरणाच्या कुळातलं जनावर असतं, घोड्यापेक्षा उंच, वजन चार-पाचशे किलो. या कुत्र्याचं पिढीजात काम म्हणजे एल्ग शोधायचा आणि त्याच्याभोवती नाचत, सतत भुंकत, शिकारी येईपर्यंत त्याला जागेवरून हलू द्यायचं नाही. चावायचं नाही, फक्त अडवून ठेवायचं. आमच्या शाखेत एक हेडक्लार्क होते, त्यांची आठवण झाली.

या जातीचं शेपूट पाठीवर घट्ट वळलेलं असतं, चकलीसारखं. आपण कुत्र्याचं शेपूट नळीत घालून सरळ होतं का ते पाहणारी माणसं. तिकडे ते जितकं वाकडं तितकी जात अस्सल. एका म्हणीचं आयुष्यभराचं वजन असं विमानप्रवासात उतरलं.

कुत्र्याच्या मालकीण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. नॉर्वेत लहानथोर सगळे एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारतात, अहो-जाहो कुणी करत नाही. पण आईच्या वयाच्या बाईला नावानं हाक मारायला माझी जीभ वळेना. मी त्यांना ‘आजी’ म्हणू लागलो. नॉर्वेजियनमध्ये त्याचा काही वाईट अर्थ होत नाही, हे लेकीनं तपासून सांगितलं.

आजींच्या मनगटाला प्लास्टर होतं.

‘स्कीवरून पडलात का?’ मी विचारलं.

‘छे! घरासमोरच्या फुटपाथवर घसरले,’ त्या दुखावून म्हणाल्या. ‘स्कीवरून मी शाळा सोडल्यापासून पडलेली नाही.’ मग बाम्सेकडे बघून म्हणाल्या, ‘याचे मात्र हाल झालेत. दर रविवारी डोंगरावर जायची सवय. तुला स्की येतं?’

तिकडे हा प्रश्न ‘तुला चालता येतं?’ अशा सुरात विचारतात. नॉर्वेजियन माणूस पायात स्की घालूनच जन्माला येतो, अशी त्यांच्यात म्हण आहे. बायको मागे उभी होती. नाही म्हणणं अशक्य होतं.

‘मी रोज पर्वती चढतो,’ मी म्हणालो.

लेकीनं त्याचं भाषांतर काय केलं कोण जाणे. आजींनी लगेच कुत्र्याचा साज काढून दिला.

साज म्हणजे कुत्र्याच्या छातीभोवती पट्ट्यांची जोडणी, त्याला रबरासारखी ताणणारी दोरी आणि दोरीचं दुसरं टोक माझ्या कमरेच्या रुंद पट्ट्याला. पट्ट्यावर एक खटका. अगदीच जिवावर बेतलं तर खटका ओढायचा, कुत्रा सुटतो. आजींनी तीन शब्दही शिकवले. ‘हॉयरे’ म्हणजे उजवीकडे, ‘वेन्स्त्रे’ म्हणजे डावीकडे. या दोन्ही नावांचे तिकडे राजकीय पक्षही आहेत आणि त्यातला ‘डावीकडे’ नावाचा पक्ष काही फारसा डावा नाही. कुत्र्याचा यात काहीच गोंधळ होत नव्हता. तिसरा शब्द थांबवण्याचा होता. तो सोपा आहे, लक्षात राहील, असं म्हणून मी पाठ केला नाही.

स्की जावयाचे. दोन मीटर लांब, हाताच्या पंजापेक्षा अरुंद. बूट फक्त चवड्याशी अडकतो, टाच मोकळी राहते. या स्कीला मधोमध कमान असते. एका पायावर पूर्ण भार टाकला की कमान दबते, मधला भाग बर्फाला टेकतो आणि तिथे लावलेलं मेण बर्फ धरून ठेवतं. भार निघाला की कमान पुन्हा उचलते आणि स्की घसरते. धरायचं, सोडायचं, धरायचं, सोडायचं. अट एकच, भार एका वेळी एकाच पायावर द्यायचा. आयुष्यभर दोन दगडांवर पाय ठेवून निवृत्तीपर्यंत सुखरूप आलेल्या माणसाला हे जड जातं.

मेणाचंही मोठं शास्त्र आहे. कडक थंडीला हिरवं, थोड्या कमी थंडीला निळं, शून्याच्या आसपास जांभळं, आणि बर्फ ओला असेल तर क्लिस्टर नावाचा काकवीसारखा चिकट प्रकार, जो स्कीपेक्षा हातांना, दाराच्या कडीला आणि सोफ्याला जास्त लागतो. आज निळं की जांभळं, यावर जावई आणि आजी जिन्यात वीस मिनिटं बोलत होते. इतकी चर्चा आमच्या सोसायटीत फक्त पाण्याच्या टाकीवर होते. शेवटी निळं ठरलं.

डोंगरावर जायला मेट्रो आहे. रविवारी सकाळी एक नंबरच्या मेट्रोत माणसांपेक्षा स्की जास्त दिसतात. एकही माणूस एकही शब्द बोलत नाही. बायकोनं संक्रांतीच्या तिळगुळाच्या वड्या बरोबर घेतल्या होत्या. समोरच्या बाईंना एक देऊन तिनं ‘गोड बोला’ असं इंग्रजीत सांगितलं. बाईंनी वडी घेतली, हसल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. ‘नुसतं बोला म्हणायला हवं होतं,’ बायको पुटपुटली.

याच मार्गावर त्यांच्या राजाचा एक फोटो काढलेला आहे. १९७३च्या तेलटंचाईत शनिवार-रविवारी मोटारी चालवायला बंदी होती, तेव्हा राजे ओलाव्ह पाचवे चार लोकांसारखे स्की घेऊन याच गाडीत बसून डोंगरावर निघाले. तो फोटो तिकडे पोराटोरांना माहीत आहे. तरुणपणी युवराज असताना हे गृहस्थ होल्मेनकोलेनच्या स्पर्धेत उंचावरून स्कीवर उड्याही मारत. त्याच होल्मेनकोलेनला त्यांचा पुतळा आहे. घोडा नाही, तलवार नाही. पायात स्की आणि बरोबर त्यांचा पूडल कुत्रा. मराठी माणसाला घोड्याशिवाय राजाचा पुतळा बघायची सवय नसते, पण हा पटला. तिथेच स्कीचं संग्रहालय आहे, १९२३ साली सुरू झालेलं. दक्षिण ध्रुवावर प्रथम पोचलेल्या आमुंडसेनच्या आठवणी तिथे जपल्या आहेत. १९११ साली आमुंडसेन ध्रुवाकडे निघाला तेव्हा त्याच्याबरोबर बावन्न कुत्रे होते आणि परतले अकरा. बाकीच्यांचं काय झालं ते इतिहासाला माहीत आहे, बरेचसे तर माणसांच्या आणि उरलेल्या कुत्र्यांच्या पोटात गेले. स्टेशन येऊन गेलं तेव्हा मी हळूच बाम्सेकडे पाहिलं. त्याला यातलं काही सांगायचं नाही असं ठरवलं.

शेवटचं स्टेशन फ्रोगनरसेटेरेन. ते समुद्रसपाटीपासून ४६९ मीटरवर आहे. आम्हाला गाठायचा होता तो त्रिवान्सहोग्दाचा माथा, ५२९ मीटर. आता पुणं कुठल्याही भूगोलाच्या पुस्तकात ५६० मीटरवर आहे. म्हणजे मी घरी अंथरुणात लोळत असतो तेव्हादेखील या डोंगराच्या माथ्यावरून एकतीस मीटर उंचीवर लोळत असतो. पर्वतीची तर गोष्टच सोडा. ‘साठ मीटर!’ मी बायकोला म्हणालो, ‘याला डोंगर म्हणतात? पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत, त्या मी रोज दोनदा...’

वाक्य अर्धं राहिलं. मी सपाटीवर, उभ्या उभ्या, कुणीही धक्का न लावता पडलो.

महाभारतात द्रौपदी पहिली पडते आणि धर्मराज कारण सांगतो, पक्षपात. तिचं अर्जुनावर जरा जास्त प्रेम होतं. माझं पर्वतीवर आहे. कारण लागू पडतं.

बायको आणि लेक स्टेशनजवळच्या कॅफेकडे गेल्या. तिथला सफरचंदाचा केक चांगला असतो, असं लेक म्हणाली. जावई पुढच्या वळणापर्यंत सोबत आला आणि ‘बाबा, मी जरा एक मोठी फेरी मारून येतो’ म्हणून झाडांमध्ये दिसेनासा झाला. उरलो मी आणि बाम्से.

वाट सुंदर होती. दोन्हीकडे स्प्रूसची उंच झाडं, फांद्यांवर बर्फाचे गादीएवढे थर, मधून यंत्रानं दाबून काढलेल्या दोन समांतर खाचा, आगगाडीच्या रुळांसारख्या. खुणा लाल रंगाच्या. निळ्या खुणा उन्हाळ्यात पायी चालणाऱ्यांसाठी. आणि इथे एक चमत्कार झाला. शहरात ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही, तेच लोक डोंगरावर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हसून अभिवादन करतात. त्यांचं अभिवादन म्हणजे ‘हाय-हाय’. मी तेव्हा स्कीवर नीट उभं राहायची धडपड करत होतो. एक जोडपं जवळून गेलं, ‘हाय-हाय!’ मागून एक आजोबा, ‘हाय-हाय!’ युनियनच्या मोर्च्यानंतर इतक्या लोकांनी माझ्या नावानं हाय-हाय केल्याचं मला आठवत नाही. फरक इतकाच, की इथे घोषणा देणारे हसत होते.

आजोबा थांबले. ‘ठीक चाललंय ना?’ त्यांनी इंग्रजीत विचारलं. मी ‘उत्तम’ म्हणालो. त्यावर ते समाधानानं निघूनच गेले. हा त्या देशाचा मोठा दोष आहे. आपण बोलतो ते ते खरं मानतात. आपल्याकडे ‘उत्तम’ म्हटलं की समोरचा माणूस ‘कसलं उत्तम, द्या हात’ म्हणतो. मी त्यांना घाईघाईनं हाक मारली. हात मागायचा तर काही तरी निमित्त हवं, म्हणून मी ज्ञान काढलं. ‘तुमच्या ‘स्की’ शब्दाचा मूळ अर्थ लाकडाची फाळकी, सरपण. आणि त्याचा धातू आणि संस्कृतातला ‘छिद्’, म्हणजे कापणं, हे एकाच मुळातून...’ हे सांगताना ‘कापणं’ दाखवण्यासाठी मी हातातली काठी आडवी फिरवली. शरीर तिच्यामागून गेलं. आजोबांनी क्षणभर माझ्याकडे आणि मग झाडांकडे पाहिलं. त्यांना ‘छिद्’ समजला असावा.

सहदेव पडला तेव्हा धर्मराज म्हणाला, याला आपल्यासारखा शहाणा कुणी नाही असं वाटे.

बाम्से या सगळ्या वेळात बर्फात बसून होता. त्याच्या चेहऱ्यावर कसलाच भाव नव्हता. कुत्रा माणसाच्या सुखदुःखात सहभागी होतो असं आपण वाचतो. एल्कहाउंड नोंद घेतो.

तिसऱ्यांदा पडायला फोटो कारण झाला. जावयाचा निळा अंगासरसा पोशाख, काळा चष्मा, कमरेला कुत्र्याची दोरी. पर्वतीच्या ग्रुपवर असा फोटो टाकला की जोशी आणि कुलकर्ण्यांचा पुढचा आठवडा वाईट जाणार, हे मला दिसत होतं. मी पोट आत घेतलं, एक पाय किंचित पुढे टाकला, मोबाइल उंच धरला. त्याच वेळी मागून चार वर्षांचं एक पोर आलं. हातात काठ्या नाहीत, तोंडात चोखणी, टोपीला गोंडा. चोखणी न काढता ते ‘हाय-हाय’ म्हणालं आणि मला वळसा घालून निघून गेलं. त्याच्याकडे बघायला मी मान वळवली एवढंच. फोटो आला आहे, पण त्यात फक्त आकाश आणि एका स्कीचं टोक आहे. नकुल. रूपाचा गर्व.

त्रिवान्सहोग्दाच्या माथ्यावर ११८ मीटर उंच मनोरा आहे. तो झाडांवरून सारखा दिसत राहतो आणि जवळ येत नाही. चढण खरी बाम्सेनंच केली. चढ आला की तो मान खाली घालायचा, खांदे पुढे ढकलायचा आणि दोरी ताणली जायची. माझं काम फक्त मागे न घसरण्याचं होतं आणि तेही मी अर्धवटच करत होतो. एक तास पन्नास मिनिटांनी आम्ही माथ्यावर पोचलो. साठ मीटर. मी मोबाइल काढून ग्रुपवर आवाजी निरोप पाठवला, ‘शिखर सर! आता उतार, म्हणजे पाच मिनिटांचं काम.’

वर एका लाकडी बाकावर बसून आजींनी दिलेला चॉकलेटचा बार काढला. हा १९३७ पासून तिकडचा डोंगरावरचा ठरलेला खाऊ आहे. त्याच्या वेष्टणाच्या आतल्या बाजूला डोंगरात कसं वागावं याचे नऊ नियम छापलेले असतात. म्हणजे नियम वाचायचे तर आधी खाणं भाग आहे. कायदा लोकांपर्यंत पोचवण्याची याहून चांगली रीत मी पाहिलेली नाही. मोबाइलनं त्यातला आठवा नियम मराठीत करून दिला. वेळेवर मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही. मी तो पुन्हा वाचला. माथ्यावर पोचल्यावर वाचून उपयोग नव्हता. मग तिळगुळाची वडी काढली. उणे सातमध्ये तिचा शहाबादी फरशीचा तुकडा झाला होता. मी दाढेखाली धरून हार मानली आणि बाम्सेला दिली. त्यानं ती कडाकड चावून खाल्ली आणि त्यानंतर प्रथमच माझ्याकडे आदरानं पाहिलं.

आता उतार. उतारावर वेग आवरण्याची एक रीत आहे. स्कीची पुढची टोकं जवळ आणायची, मागची फाकवायची, म्हणजे त्रिकोण होतो आणि वेग कमी होतो. या रीतीला तिकडेही नांगरच म्हणतात. मला धीर आला. नांगर म्हणजे आपलाच विषय. चौतीस वर्षांत मी किती पीककर्जं मंजूर केली! उताराला लागल्यावर लक्षात आलं की नांगरासाठी कर्ज देणं वेगळं आणि नांगर धरणं वेगळं. वाटेत पुढे एक वृद्ध बाई शांतपणे चालल्या होत्या. ‘यांना तर मागे टाकूच,’ असं मी बाम्सेला मोठ्यांदा सांगितलं. आम्ही त्यांना मागे टाकलंही. मग कुत्र्याचा वेग वाढला, माझा त्याहून वाढला, मी त्याच्या पुढे गेलो आणि दोरी उलटी लागली. आता थांबवायचा शब्द हवा होता. हॉयरे आठवला, वेन्स्त्रे आठवला. तिसरा नाही. मी ‘थांब रे बाबा, हो, हो, हो’ असं बैलाला म्हणतात तसं म्हणत, बर्फ दोन्हीकडे उडवत, एक लांबलचक सरी काढून थांबलो. बाई मागून आल्या. ‘हाय-हाय,’ म्हणाल्या आणि पुढे गेल्या. विसरलेला तो तिसरा शब्द ‘स्टॉप’ होता, हे नंतर लेकीनं सांगितलं.

अर्जुन म्हणाला होता, सगळे शत्रू एका दिवसात जाळून टाकीन.

राहिला भीम. भीम का पडला हे शाळकरी पोरही सांगेल.

चार वाजत आले होते. तिकडे जानेवारीत चारच्या सुमाराला सूर्य घरी जातो. झाडांचा रंग निळसर होऊ लागला आणि खालून, खरंच सांगतो, दालचिनी घातलेल्या गरम सफरचंदाचा वास आला. एवढ्या लांबून तो येणं शक्य नाही, असं जावई म्हणतो. त्याला सकाळपासून एका चॉकलेटवर कधी राहावं लागलेलं नाही. मी वळणाची वाट सोडली आणि झाडांमधून सरळ खाली उतरणारी एक फट धरली. मध्येच बाम्सेला कसला तरी वास लागला आणि तो जागच्या जागी थांबला. मी थांबलो नाही. दोरी ताणली, पट्टा वर सरकला, हात खटक्यावर गेला आणि मी उताणा होऊन कमरेइतक्या भुसभुशीत बर्फात रुतलो. दोन्ही स्की वर, एकमेकींच्या गळ्यात गळा. कुत्रा सुटला आणि झाडांत दिसेनासा झाला.

मग जी शांतता झाली तशी मी कधी ऐकली नव्हती. एका फांदीवरून बर्फ घसरला, त्याचा हलका भप्प असा आवाज झाला आणि पुन्हा काही नाही. पाठीखाली गार, कॉलरमधून गार, चष्म्यावर बर्फ. थंडीचं काही वाटलं नाही. डोळ्यांसमोर येत होत्या त्या प्लास्टर घातलेल्या आजी. कुत्रा हरवून परत गेलो तर त्या काय म्हणतील? काहीच म्हणणार नाहीत, हे मला माहीत होतं. तेच सहन होत नव्हतं.

वरून दोघंजण गेले. ‘ठीक चाललंय ना?’ सवयीनं मी म्हणालो, ‘उत्तम!’ ते गेले. पडलो तरी नाक वर, ही आमच्या घरची कमाई. उताण्या माणसाचं नाक तर आपोआपच वर असतं.

आणि मग भुंकणं आलं. आधी लांबून, मग जवळून. बाम्से झाडांतून बाहेर आला, माझ्यापासून दोन हातांवर थांबला, पाय रोवले आणि एका लयीत भुंकू लागला. मी डावीकडे सरकलो, तो डावीकडे आला. मी उजवा हात उचलला, तो उजवीकडे. चावला नाही, चाटलंही नाही. नुसता अडवून उभा. दहा मिनिटं एका क्षणाची विश्रांती न घेता भुंकत राहिला. माझ्या ‘उत्तम’वर विश्वास न ठेवणारा त्या देशातला तो एकटाच.

भुंकणं ऐकून एक बाई वाट सोडून खाली आल्या. मागे छोटी घसरगाडी, त्यात झोपलेलं बाळ. त्यांनी कुत्र्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसू आवरेनासं झालं. ‘माफ कर,’ त्या म्हणाल्या, ‘पण त्यानं तुला एल्ग म्हणून धरून ठेवलंय. शिकारी आल्याशिवाय तो हलू देणार नाही.’ त्या आल्या तसा बाम्से गप्प झाला आणि शेपटीची चकली मिरवत बाजूला बसला. जनावर ताब्यात दिलं, काम संपलं.

मी हात पुढे केला. बाईंनी मान हलवली. ‘हात धरून उठलास तर पुन्हा पडशील. आधी पालथा हो. स्की उताराला आडव्या कर. मग गुडघ्यांवर ये. तोंड बर्फात गेलं तर जाऊ दे.’

तसं केलं. तोंड बर्फात गेलं, नाकात बर्फ गेला, आणि दिवसभरात पहिल्यांदा मी एका झटक्यात उभा राहिलो. नाक वर ठेवून सकाळपासून मी जेवढे प्रयत्न केले त्या सगळ्यांत एवढीच चूक होती. साठ वर्षं एक म्हण सांभाळली, पण उठायचं कसं ते तिच्यात कुठे लिहिलेलंच नाही.

बाम्से पुढे, मी मागे, असे आम्ही कॅफेशी पोचलो. आत पिवळा उजेड, लाकडी भिंती, शेकोटी. खिडकीतून बायको आणि लेक केकसमोर दिसल्या. स्वर्ग याहून फार वेगळा नसावा. दारावर पाटी होती, कुत्र्यांना प्रवेश नाही.

मी दारात उभा राहिलो. लेक बाहेर आली. ‘बाबा, त्याला इथे बांधा, त्याला थंडी नाही वाजत. तुम्ही आत येऊन बसा.’

‘नको,’ मी म्हणालो. ‘मी इथेच बरा आहे. केक बाहेर आणून दे.’

लेकीचे डोळे पाणावले. तिनं आत जाऊन आईला सांगितलं, आईनं शेजारच्या टेबलावरच्या बाईंना सांगितलं. केकचा तुकडा बाहेर आला. उणे नऊमध्ये उभं राहून, कुत्र्याशेजारी, मी तो खाल्ला. थोडा बाम्सेला दिला. परतीच्या मेट्रोत जागा रिकाम्या होत्या, तरी मी दोरी धरून त्याच्याजवळ उभाच राहिलो. रात्री लेकीनं फेसबुकवर लिहिलं, ‘माझे बाबा.’ त्याखाली कुणीतरी धर्मराजाचा दाखला दिला. इंद्र रथ घेऊन आला तेव्हा कुत्र्याशिवाय रथात बसायला ज्यानं नकार दिला, तो धर्मराज.

मी कुणाला दुरुस्त केलं नाही. त्या दिवशी पाच वेळा पडल्यावर मला कुठल्याही प्रकारच्या आसनावर बसणं शक्यच नव्हतं, हे फक्त बायकोला आणि बाम्सेला माहीत आहे.

एक क्षणभर अशीही शंका येऊन गेली, की रथात न बसण्याचं धर्मराजाचंही खरं कारण हेच तर नसेल? पण नाही. तो एकदाही पडला नव्हता. त्याचं कारण कुत्राच असणार.